पेटीवर लिहिलेलं आणि पेटीतलं: कर्नलमध्ये पॅकेटचं हेडर वाचायला शिकताना

मेच्या शेवटी भाची रत्नागिरीहून देवगडला आली. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष नुकतंच संपलं होतं आणि डोक्यात एकच खूळ होतं: लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात शिरून नेटवर्कवरून येणारी पॅकेटं (डेटाची छोटी पुडकी) स्वतः वाचायची. पहिल्याच संध्याकाळी तिने वीसेक ओळींचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा, दाखवलं. पॅकेटच्या सुरुवातीचं आयपी हेडर (पत्ते आणि लांबी लिहिलेला भाग) घ्यायचं, त्यातली लांबी वाचायची, तेवढं पुढे सरकायचं आणि त्यामागच्या यूडीपी हेडरमधला पोर्ट (पॅकेट कुठल्या प्रोग्रामसाठी आहे तो क्रमांक) वाचून मोजणी वाढवायची. चाललंसुद्धा. मी विचारलं, ‘पॅकेट अर्धंच आलं तर?’ ती म्हणाली, ‘मामा, लांबी लिहिलेली असते की हेडरमध्ये.’

पडवीत हापूसच्या शेवटच्या पेट्या भरणं चालू होतं. माझे वडील एका पेटीवर ‘५ डझन’ लिहीत होते, ते मान वर न करता म्हणाले, ‘लिवलेला कोण मानता? थंय वखारीत पेटी फोडून मोजतत.’

कर्नलमध्ये हेडर वाचण्याचं निम्मं शिक्षण ह्या दोन वाक्यांत झालं. हेडरमधली लांबी पाठवणाऱ्याने लिहिलेली असते आणि पाठवणारा कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. पुढचे आठ दिवस आम्ही जे केलं ते इथे पायरीपायरीने देतो. सी भाषा थोडीफार येत असेल आणि पॉइंटर म्हणजे काय ते माहीत असेल, तर पुरे.

पायरी १: आधी कागदावर

कोड लिहिण्याआधी एक पॅकेट हाताने वाचा. चौकटीची वही घ्या, एका चौकटीत एक बाइट. आम्ही घेतलेलं पॅकेट हे. सगळे आकडे हेक्समध्ये आहेत, त्यामुळे ‘ए’ म्हणजे दहा:

०२ ०० ०० ०० ०० ०१ ०२ ०० ०० ०० ०० ०२ ०८ ००
४५ ०० ०० २८ ०० ३१ ०० ०० ४० ११ ६६ ९२ ०ए ०० ०० ०२ ०ए ०० ०० ०१
१३ ८८ २३ २८ ०० १४ ०० ००

ह्यापुढे मजकुराचे १२ बाइट आहेत. आम्ही ‘आंबा’ हा शब्द पाठवला होता. दिसायला दोन अक्षरं, पण युनिकोडमध्ये चार चिन्हं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. त्यानंतर सहा शून्यं आहेत. ती कुठून आली ते पुढे सांगतो, तोवर वहीत नुसती लिहून ठेवा.

पहिली ओळ इथरनेटचं हेडर, १४ बाइट. आधी सहा बाइट ज्याच्याकडे जायचं त्याचा पत्ता, मग सहा बाइट पाठवणाऱ्याचा. हा क्रम नवख्यांना नेहमी उलटा वाटतो. शेवटचे दोन बाइट आत काय भरलंय ते सांगतात: ०८०० म्हणजे आयपीची चौथी आवृत्ती, ०८०६ म्हणजे एआरपी, ८६डीडी म्हणजे आयपीची सहावी.

दुसरी ओळ आयपीचं हेडर. पहिल्याच बाइटमध्ये दोन गोष्टी कोंबल्यात. ४५ मधला ४ म्हणजे आवृत्ती आणि ५ म्हणजे हेडरची लांबी, पण ती बाइटांत नाही, चार-चार बाइटांच्या शब्दांत. म्हणून ५ गुणिले ४, वीस बाइट. ही जागा चारच बिटांची, तेव्हा जास्तीत जास्त १५ लिहिता येतं आणि हेडर ६० बाइटांपर्यंत जाऊ शकतं. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ ह्या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात हे ठरलं, ते आजही तसंच आहे. पुढे ००२८, म्हणजे दशमानात ४०: आयपीचं हेडर धरून एकूण लांबी. वीस आयपीचे, आठ यूडीपीचे, बारा ‘आंबा’चे. जमलं.

००३१ हा ओळखक्रमांक. मोठं पॅकेट फोडून पाठवलं असेल तर त्या तुकड्यांची माहिती त्यानंतरच्या दोन बाइटांत असते, इथे ती शून्य आहे. ४० म्हणजे टाइम टू लिव्ह (पॅकेट आणखी किती यंत्रांवरून पुढे जाऊ शकतं तो आकडा), दशमानात ६४. ११ म्हणजे १७, आणि १७ म्हणजे यूडीपी. टीसीपीला ६, आयसीएमपीला १. पुढे ६६९२ हा चेकसम आणि मग दोन पत्ते, १०.०.०.२ कडून १०.०.०.१ कडे.

चेकसम एकदा तरी हाताने करा, आळस नको. हेडरचे दहा दोनबाइटी आकडे हेक्समध्ये बेरजेला घ्यायचे, सोळा बिटांबाहेर हातचा गेला तर तो परत बेरजेत मिसळायचा. चेकसम धरून बेरीज एफएफएफएफ आली पाहिजे. ह्या पॅकेटची तंतोतंत येते, आणि हातचासुद्धा जात नाही. भाचीने दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर आणली. त्यानंतर हा चेकसम कशापासून वाचवतो आणि कशापासून नाही, हे समजावून द्यावं लागलं नाही. वाटेत बिट बिघडला तर कळेल. मुद्दाम खोटी लांबी लिहिणारा मात्र चेकसमही तिच्याशी जुळवूनच पाठवणार.

तिसरी ओळ यूडीपी, फक्त आठ बाइट: १३८८ म्हणजे ५०००, २३२८ म्हणजे ९०००, मग लांबी १४ म्हणजे वीस, आणि चेकसम शून्य. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत यूडीपीचा चेकसम शून्य असणं म्हणजे तो काढलेलाच नाही.

पायरी २: कुठल्या टोकाकडून वाचायचं

वहीवर ००२८ डावीकडून वाचलं. नेटवर्कवर मोठा बाइट आधी जातो. तुमच्या लॅपटॉपचा एक्स८६ प्रोसेसर मात्र लहान बाइट आधी मानतो. तेच दोन बाइट जसेच्या तसे सोळा बिटांच्या आकड्यात उचलले तर २८०० होतात, म्हणजे १०२४०. ‘आंबा’ पाठवायला दहा हजार बाइट! पोर्ट ९००० च्या जागी १०२७५ दिसतो. कोडमध्ये १०२७५ सारखा अनोळखी पोर्ट दिसू लागला की बाइटांची अदलाबदल राहिलीय असं समजा. ‘बिग एंडियन’ आणि ‘लिटल एंडियन’ ही नावं संगणकात आणली डॅनी कोहेन ह्यांनी, १ एप्रिल १९८० च्या एका टिपणात. तारखेकडे बघू नका, टिपण गंभीर आहे.

अदलाबदलीसाठी दोन फंक्शनं पाठ असू द्या: सोळा बिटांना ‘एनटीओएचएस’, बत्तीस बिटांना ‘एनटीओएचएल’. कर्नलमध्ये नेटवर्कच्या क्रमाच्या आकड्यांना वेगळे प्रकारच आहेत, बीई१६ आणि बीई३२, आणि ‘स्पार्स’ नावाचं तपासणी अवजार त्यांची सरमिसळ पकडतं. पहिल्या दिवसापासून ते चालवा. एकच बाइट असलेल्या खान्याला अदलाबदल लागत नाही, हे सांगायची गरज नसावी; तरी टाइम टू लिव्हवर एनटीओएचएस लावलेलं मी पाहिलंय, आणि ते माझंच होतं.

पायरी ३: प्रयोगाची जागा

कर्नलमधली चूक प्रोग्राम बंद पाडत नाही, अख्खं यंत्र पाडते. म्हणून सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये करा. आमच्याकडे मेअखेरीला वळवाचा पाऊस आला की वीज जाते. तेव्हा लॅपटॉपवरच प्रयोग केला तर पडदा काळा झाला तो आपल्यामुळे की वीजमंडळामुळे, हेसुद्धा कळायचं नाही.

मशीनच्या आत दोन नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे एकमेकांपासून वेगळी दोन नेटवर्कं, तयार करा आणि त्यांना ‘व्हेथ’ जोडीने जोडा. ही जोडी म्हणजे दोन टोकांची आभासी केबल: एका टोकाला घातलेलं पॅकेट दुसऱ्या टोकाला निघतं. एका नेमस्पेसमधून पाठवायचं, दुसऱ्यात वाचायचं. पाठवायला पायथनचं ‘स्केपी’, बघायला ‘टीसीपीडंप’ किंवा वायरशार्क.

दोन फसव्या गोष्टी आधीच सांगून ठेवतो. एक, पाठवणाऱ्या यंत्रावर पकडलेल्या पॅकेटांत टीसीपी-यूडीपीचे चेकसम चुकीचे दिसतात, कारण ते काम कर्नल नेटवर्क कार्डावर सोपवतो आणि टीसीपीडंप पॅकेट कार्डाकडे जाण्याआधीच बघतो. घाबरू नका. दोन, वहीतली ती सहा शून्यं व्हेथवर दिसणार नाहीत. इथरनेटची फ्रेम शेवटचा चार बाइटांचा तपासणी आकडा सोडून किमान ६० बाइटांची असावी लागते. आपली १४ अधिक ४०, म्हणजे ५४ झाली, म्हणून खऱ्या तारेवर सहा बाइटांची भर पडते. पेटीत कोपरा रिकामा राहिला की पेंढा भरतात, तसंच. हा पेंढा लक्षात ठेवा.

पायरी ४: पॅकेट मेमरीत असतं कसं

कार्ड पॅकेट थेट मेमरीत उतरवतं, ड्रायव्हर त्याभोवती ‘एसके-बफ’ नावाची रचना उभी करतो. हे नाव कर्नलच्या नेटवर्क कोडात पदोपदी भेटतं. तिला चार खुणा असतात: हेड, डेटा, टेल, एंड. हेड ते एंड म्हणजे मिळालेली जागा, डेटा ते टेल म्हणजे त्यात आत्ता पॅकेट असलेला भाग. एक हेडर वाचून झालं की डेटाची खूण तेवढी पुढे सरकवायची, ह्याला ‘पुल’ म्हणतात. बाइट कुठेही हलत नाहीत, फक्त खूण हलते. इथरनेटचे १४ बाइट वाचून पॅकेटचा प्रकार नोंदवणं आणि खूण सरकवणं हे काम बहुतेक इथरनेट ड्रायव्हर ‘इथ-टाइप-ट्रान्स’ ह्या फंक्शनकडून करून घेतात.

आता खरी अडचण. पॅकेट सलग एका जागी असेलच असं नाही. सुरुवातीचा भाग डेटा ते टेलमध्ये असतो आणि उरलेला मेमरीच्या वेगळ्या पानांवर असू शकतो. एसके-बफमधली ‘लेन’ ही एकूण लांबी आहे, सलग भागाची नव्हे. म्हणजे लेन १५०० असली तरी हातासमोर सलग ३४ च बाइट असू शकतात. पस्तिसावा बाइट पॉइंटरने वाचलात तर कर्नल ओरडणार नाही. तो दुसऱ्याच कशाचे तरी बाइट मुकाट हातात देईल.

ह्यावर उपाय म्हणजे ‘पी-एसकेबी-मे-पुल’. त्याला सांगायचं, मला इतके बाइट सलग हवेत. पॅकेटमध्ये तेवढे असतील तर पानांवरचे आणून सलग करून तो ‘हो’ म्हणतो, नसतील तर ‘नाही’. नावात ‘पुल’ असलं तरी डेटाची खूण तो पुढे नेत नाही, फक्त पुढे नेता येईल अशी सोय करतो.

आणि इथे मी स्वतः दोन दिवस घालवलेत. बाइट सलग करताना हे फंक्शन बफरच दुसरीकडे हलवू शकतं. त्याआधी काढून ठेवलेला हेडरचा पॉइंटर मग जुन्या, सोडून दिलेल्या जागेकडे बोट दाखवत राहतो. माझा कोड छोट्या पॅकेटांवर चोख चालायचा, मोठ्यांवर अधूनमधून भलतेच पत्ते छापायचा. कारण उघड आहे: छोटी पॅकेटं आधीच सलग असायची, बफर हलायची वेळच यायची नाही. तेव्हापासून एकच सवय: पुलच्या प्रत्येक ओळीखाली, लगेच, पॉइंटर नव्याने काढायचा. ‘इथे गरज नाही’ असं वाटलं तरी काढायचा. नुसतं वाचायचं असेल, तर ‘एसकेबी-हेडर-पॉइंटर’ हे फंक्शन बरं: सलग असेल तर जागा दाखवतं, नसेल तर तुम्ही दिलेल्या छोट्या बफरमध्ये नक्कल करून देतं आणि मूळ पॅकेटला हात लावत नाही.

पायरी ५: मोजणीचा क्रम

लिनक्समध्ये आयपीचं हेडर तपासणारा कोड ‘आयपी-इनपुट’ ह्या फाइलीत, ‘आयपी-आरसीव्ही-कोअर’ नावाच्या फंक्शनमध्ये आहे. त्यातल्या तपासण्यांचा क्रम भाचीने आपल्या भाषेत असा उतरवला:

हातात २० बाइट आहेत का? नसतील तर टाका (म्हणजे पॅकेट फेकून द्या).
आवृत्ती ४ आहे का, हेडरची लांबी किमान ५ आहे का? नसेल तर टाका.
लांबी गुणिले ४, इतके बाइट हातात आहेत का? नसतील तर टाका.
पॉइंटर नव्याने काढा.
चेकसम जुळतो का? नसेल तर टाका.
लिहिलेली एकूण लांबी हातातल्या बाइटांपेक्षा जास्त आहे? टाका, पॅकेट तुटलंय.
लिहिलेली एकूण लांबी हेडरच्या लांबीपेक्षाही कमी आहे? टाका.
हातातले बाइट लिहिलेल्यापेक्षा जास्त? जादा कापा.

क्रमाची गंमत बघा. लांबी लिहिलेला बाइट वाचण्यासाठीच आधी वीस बाइट हवेत, म्हणून पहिली तपासणी ठरावीक आकड्याची. ती पार पडल्यावरच लांबीचा खाना वाचायची परवानगी. मग त्या खान्यात जे लिहिलंय त्याची तपासणी. आधी मोजायचं, मग वाचायचं, वाचलेल्याने पुन्हा मोजायचं. भाची हे सगळं उतरवताना प्रत्येक ओळीला एकच विचारत होती, ‘ह्यां संपता खंय?’ त्याहून नेमका प्रश्न मला सुचला नाही.

सातवी ओळ पुष्कळांना फालतू वाटते. एकूण लांबी हेडरपेक्षा कमी कोण लिहिणार? समजा कोणी १६ लिहिलं आणि हेडर २० चं आहे. मजकुराची लांबी काढायला तुम्ही १६ वजा २० करता. चिन्हरहित बत्तीस बिटांत त्याचं उत्तर उणे चार येत नाही, ४२९४९६७२९२ येतं. तेवढे बाइट कॉपी करा असं पुढच्या ओळीला सांगितलंत की काय होईल ते कळतंच. वजाबाकी करण्याआधी मोठा कोण ते विचारायचं, एवढंच.

आठवी ओळ म्हणजे पेंढा काढणं. ते सहा जादा बाइट कापले नाहीत तर वरचा थर त्यांना मजकूर समजेल. ‘आंबा’च्या मागे सहा शून्यं चिकटून येतील.

तपासणी लिहिताना एक बारकावा. ‘जागा अधिक लांबी हे शेवटापेक्षा मोठं आहे का’ असं लिहिलं आणि लांबी प्रचंड असली तर बेरीजच गुंडाळून परत लहान होऊ शकते. ‘लांबी ही शेवट वजा जागा ह्यापेक्षा मोठी आहे का’ असं लिहा. उजवीकडची वजाबाकी तुमच्या ताब्यातली आहे, त्यात बाहेरच्याचा आकडा नाही.

मग भाचीचं पहिलं मॉड्यूल चाललं कसं? ते नेटफिल्टरच्या, म्हणजे कर्नलमधल्या पॅकेट गाळण्याच्या यंत्रणेच्या, ‘प्री-राउटिंग’ ह्या टप्प्यावर लटकवलेलं होतं, आणि तिथे पोचेपर्यंत वरच्या आठही तपासण्या कर्नलने करून झालेल्या असतात. आयपीच्या हेडरपुरतं तिचं काम दुसऱ्याने केलं होतं. यूडीपीचं मात्र कोणीही पाहिलेलं नव्हतं. एकूण लांबी २४ लिहिलेलं, म्हणजे यूडीपीचे चारच बाइट असलेलं पॅकेट आम्ही पाठवलं. पोर्ट नीट वाचले गेले, कारण ते पहिल्या चार बाइटांतच बसतात. तिने पुढे यूडीपीची लांबी छापली तेव्हा वाटेल तो आकडा आला. कर्नल पडला नाही, कुठे चूकही दिसली नाही. अशा वेळी पडलेला बरा.

पायरी ६: आयपीच्या पुढे

यूडीपी किंवा टीसीपी वाचण्याआधी तुकडा आहे का ते बघा. आयपीच्या सहाव्या बाइटपासूनच्या सोळा बिटांत (मोजणी शून्यापासून) खालची १३ बिटं म्हणजे हा तुकडा मूळ पॅकेटमध्ये कुठून सुरू होतो, आठ-आठ बाइटांच्या मापाने. तो आकडा शून्य नसेल तर ह्या पॅकेटमध्ये पोर्ट नाहीत. पहिल्या तुकड्यासोबत ते निघून गेले. तरी वाचलेत तर मजकुराच्या मधल्या बाइटांना पोर्ट समजाल. प्री-राउटिंगला तुकडे जोडलेले असतीलच असं धरू नका. तुकड्यांचं गणित न तपासल्यामुळे १९९६-९७ च्या सुमाराला ‘पिंग ऑफ डेथ’ने अनेक यंत्रणा आडव्या केल्या होत्या. शेवटच्या तुकड्याची सुरुवात ६५५२८ पर्यंत लिहिता येते, त्यात त्याची लांबी मिळवली की बेरीज ६५५३५ च्या कमाल मर्यादेपलीकडे जाते, आणि जोडणाऱ्याने तेवढीच जागा राखलेली असते.

टीसीपीच्या हेडरमध्येही आयपीसारखाच चार बिटांचा लांबीचा खाना आहे: किमान ५, कमाल १५. तीच तपासणी, तोच क्रम. नवीन आहेत ते ऑप्शन्स. प्रत्येक ऑप्शनला एक प्रकार आणि एक लांबी, अपवाद शून्य आणि एक ह्या प्रकारांचा, ते एकेकच बाइटाचे. वाचणारा लूप लांबीएवढा पुढे सरकतो. आता लांबीच्या जागी कोणी शून्य लिहिलं तर? लूप तिथल्या तिथे फिरत राहील, आणि कर्नलमध्ये फिरत राहिलेला लूप थांबवायला कोणी येत नाही. ऑप्शनची लांबी स्वतःचे दोन बाइट धरून मोजतात, म्हणून दोनपेक्षा कमी दिसली की बाहेर पडायचं. उरलेल्या बाइटांपेक्षा जास्त दिसली तरी बाहेर पडायचं. लिनक्सच्या कोडात दोनपेक्षा कमी लांबीच्या तपासणीशेजारी ‘सिली ऑप्शन्स’ एवढीच टीप आहे.

आयपीची सहावी आवृत्ती ह्याहून सरळ: मूळ हेडर कायम ४० बाइटांचं, चेकसम नाहीच. पण मागे जादा हेडरांची माळ असू शकते. बहुतेकांची लांबी आठ बाइटांच्या मापात आणि पहिले आठ सोडून मोजलेली, म्हणून एक मिळवून आठने गुणायचं. सुरुवातीला ही माळ वाचूच नका. पुढचं हेडर १७ किंवा ६ नसेल तर पॅकेट न वाचता सोडून द्या. अर्धवट वाचण्यापेक्षा ते चांगलं.

पायरी ७: वेष्टणावर वेष्टण

कोकण रेल्वेवर १९९९ पासून रो-रो सेवा चालते. भरलेले ट्रक कोलाडला गाडीवर चढतात आणि गोव्यात वेर्णाला उतरून आपल्या चाकांवर पुढे जातात. रेल्वेच्या दृष्टीने ट्रक हाच माल, ट्रकच्या दृष्टीने आत वेगळा माल. व्हीएक्सलॅन म्हणजे हेच: यूडीपीच्या ४७८९ पोर्टवर आलेल्या पॅकेटमध्ये आठ बाइटांचं एक हेडर, आणि त्याच्या आत पुन्हा पूर्ण इथरनेटची फ्रेम, तिचे वेगळे पत्ते, तिचं वेगळं आयपी. आतल्या प्रत्येक लांबीची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. बाहेरची बरोबर होती म्हणून आतली बरोबर ठरत नाही.

आणि ट्रकवर रेल्वे, रेल्वेवर ट्रक असं कोणी रचतच गेलं तर? मुद्दाम रचता येतं. म्हणून किती थर उकलायचे ह्याला मर्यादा ठेवा. कर्नलचा ‘फ्लो डिसेक्टर’ पंधरा हेडरांनंतर हात जोडतो.

साधं वेष्टण म्हणजे व्हीलॅन: इथरनेटच्या पत्त्यांनंतर ८१०० आणि पुढे दोन बाइट, एकूण चारांची भर. गोंधळ असा की एसके-बफमध्ये हे चार बाइट बहुधा दिसतच नाहीत, कर्नल ते काढून एसके-बफच्या वेगळ्या खान्यात ठेवतो. एक्सडीपीमध्ये (ते पुढच्या पायरीत येतं) मात्र कार्डाने आधीच काढले नसतील तर जागेवर दिसतात. एकच पॅकेट दोन ठिकाणी चार बाइटांनी वेगळं दिसलं की आधी हे तपासा.

पायरी ८: पहिला खरा कोड एक्सडीपीत लिहा

मॉड्यूल लिहिण्याआधी एक्सडीपीत लिहावं असं माझं मत. एक्सडीपी कर्नलमध्ये ४.८ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आहे. तुमचा छोटा प्रोग्राम पॅकेट आल्याआल्या, एसके-बफ तयार होण्याच्याही आधी चालवता येतो. हातात दोन खुणा मिळतात, डेटा आणि डेटा-एंड. पण मला तो आवडतो तो वेगासाठी नाही, व्हेरिफायरसाठी. प्रोग्राम चढवताना व्हेरिफायर प्रत्येक वाट चालून बघतो, आणि डेटा-एंडशी तुलना न करता पॅकेटचा एक जरी बाइट वाचलात तर प्रोग्राम चढवूच देत नाही. वखारीतला तो मोजणारा इथे तुमच्या कोडलाच मोजतो.

इथरनेटचे १४ बाइट, तुलना. आयपीचे २०, तुलना. मग लांबीचा खाना गुणिले ४, तो २० पेक्षा कमी आहे का, आणि त्या नव्या जागेपासून यूडीपीचे आठ बाइट, पुन्हा तुलना. भाचीच्या पहिल्या प्रयत्नात ही शेवटची राहिली आणि ‘इन्व्हॅलिड ॲक्सेस टू पॅकेट’ असा संदेश आला. तिचं म्हणणं, आयपीची एकूण लांबी ती तपासतेय की! तपासत होती, पण एकूण लांबी हा पॅकेटमध्ये लिहिलेला आकडा आणि डेटा-एंड ही खरी हद्द. व्हेरिफायर फक्त दुसरीला मानतो. आजोबा पलीकडून हसले, त्यांना काय समजलं कोण जाणे.

उलट, व्हेरिफायरला जे कळत नाही तेही सांगतो. पेंढा त्याला कळत नाही, तुकडे कळत नाहीत, बाइटांची अदलाबदल राहिलेली कळत नाही. तो तुम्हाला हद्दीत ठेवतो, बरोबर ठेवेल असं नाही.

पायरी ९: वाईट पॅकेटं पाठवा

चांगली पॅकेटं पाठवून काहीच शिकायला मिळत नाही. स्केपीने ही पाठवा: लांबीचा खाना ४, लांबीचा खाना १५ पण मागे बाइट वीसच, एकूण लांबी १०, एकूण लांबी २००० आणि प्रत्यक्षात ५०, तुकड्याची सुरुवात १, टीसीपीचा ऑप्शन शून्य लांबीचा. प्रत्येक वेळी चेकसम खरा ठेवा, नाहीतर तिथेच अडकून पुढची तपासणी होणारच नाही. एकूण लांबीचा प्रकार आमचा पहिल्यांदा ह्यामुळेच फसला.

ही पॅकेटं पाठवणारा प्रोग्राम सी मध्ये स्वतः लिहिणार असाल तर एक अडथळा येईल. आयपीच्या पातळीवरच्या रॉ सॉकेटला हेडर तुम्ही दिलंत तरी एकूण लांबी आणि चेकसम कर्नल स्वतः भरतो, तुमचा खोटेपणा टिकत नाही. पॅकेट सॉकेट वापरून इथरनेटच्या पातळीवर पाठवा.

टाकलेल्या पॅकेटांचा हिशेब ‘एनस्टॅट’ ह्या आज्ञेने मिळतो. खराब हेडर ‘आयपी-इन-एचडीआर-एरर्स’मध्ये मोजलं जातं, तुटलेलं पॅकेट ‘इन-ट्रंकेटेड-पॅकेट्स’मध्ये. पाठवण्याआधी आणि नंतर आकडे लिहून ठेवा, कुठली तपासणी लागली ते लगेच समजतं.

मग वही आणि ‘आयपी-इनपुट’ फाइल शेजारी ठेवून बसा, आणि पाठवलेलं प्रत्येक पॅकेट कुठल्या ओळीवर पडलं तिथे खूण करा. भाचीच्या खुणा पाऊण तासात झाल्या. एकच राहिली. तिने स्वतःच्या मनाने टाइम टू लिव्ह शून्य लिहिलेलं पॅकेट पाठवलं होतं, आणि ते अख्ख्या फाइलीत कोणी अडवलंच नाही, ‘आंबा’ नीट पोचला. ती पुन्हा वरून वाचायला लागली. मी तिला ‘आयपी-फॉरवर्ड’ फाइल उघडायला सांगितली: पॅकेट दुसऱ्याकडे पुढे पाठवायचं असेल तेव्हाच तो खाना बघतात, आपल्याच दारात उतरलेल्याचा बघत नाहीत.